शनीचं कडं मिटताना

४ ऑक्टोबर

आज नवी वही काढली. जुन्या वहीत चाळीसेक पानं कोरी आहेत, त्यामुळे मन जरा खात होतं, पण या कामाला वेगळी वहीच हवी.

शनीचं कडं मिटणार आहे. म्हणजे ते कुठे जात नाही, जागच्या जागीच असतं. पण चौदा-पंधरा वर्षांतून एकदा आपल्याला ते बरोबर काठावरून दिसतं. ताट डोळ्यांच्या रेषेत आडवं धरलं की नुसती कड उरते, तसं. आणि शनीचं ताट इतकं पातळ की ती कडही दिसत नाही. नुसता गोळा उरतो. या खेपेला तो दिवस तेवीस नोव्हेंबरच्या आसपास येतोय. तोवर आकाश मोकळं असेल त्या प्रत्येक संध्याकाळी मागच्या अंगणात दुर्बीण लावायची आणि फोटो काढायचे. शेवटी सगळे एका ओळीत मांडायचे, कडं बारीक होत होत नाहीसं झालेलं.

मागच्या खेपेला माझ्याकडे कॅमेरा नव्हता. पेन्सिल होती आणि ही होती. आमच्या घरचा शिरस्ता असा, की दुर्बीण लागली की पहिली नजर हिची. दुर्बिणीचा आरसा मी हाताने घासला हे खरं, पण त्यासाठी आठ महिने स्वयंपाकघरातलं टेबल हिने सोडून दिलं होतं आणि माझ्या शर्टांवरचे लाल पावडरीचे डागही हिनेच काढले, तेव्हा तो हक्क हिचाच. मागच्या वेळी मी काहीएक न सांगता हिला हाक मारली. हिने डोळा लावला आणि म्हणाली, "अहो, हा तर टोपी काढलेला हेडमास्तर! किती बिचारा दिसतोय." मी इतका हसलो की दुर्बीण हलली आणि शनी निघून गेला. जुन्या वहीत चित्राखाली ते वाक्य लिहिलेलं आहे. चित्र यथातथाच आहे, वाक्य चांगलं आहे.

म्हणून याही वेळी हिला काही सांगायचं नाही. तेवीस तारखेला हाक मारायची आणि काय म्हणते ते ऐकायचं. खरं सांगायचं तर फोटोंपेक्षा मला त्याचीच ओढ लागली आहे.

आज कडं आधीच काडीसारखं झालंय. पहिली नजर झाली. ही म्हणाली, "छान आहे," आणि दोरीवरचे कपडे काढायला गेली. काडीचं काही बोलली नाही.

९ ऑक्टोबर

हवा वाईट. शनी तापलेल्या तव्यावरच्या थेंबासारखा नाचत होता. तरी दोन मिनिटांचा व्हिडिओ घेतला. लोकांना वाटतं, बटण दाबलं की फोटो झाला. तसं नसतं. दोन मिनिटांत पाच-सहा हजार चित्रं मिळतात आणि त्यातली बहुतेक हवेने बिघडवलेली असतात. बरी निघालेली तीन-चारशे निवडायची आणि एकावर एक रचायची. मग थरथर पुसली जाते आणि खरं काय ते उरतं. हे निवडण्याचं काम मला आवडतं. दिवसभर कारखान्यात दुकानदारांचे वजनाचे काटे तपासायचे आणि संध्याकाळी शनी, दोन्हीकडे काम एकच, खोटं काढून टाकायचं.

माझ्यासारखाच ग्रहांचा नाद असलेल्या आमच्या बेकरीवाल्याने गच्चीवरून काढलेला शनीचा फोटो पाठवला. माझ्यापेक्षा चांगला आहे. खाली लिहिलंय, "काटेवाले, तुमचा कसा आला?" कसा आला ते त्याला पक्कं ठाऊक आहे.

जेवताना ही म्हणाली, "अहो, खिडकीचा हा गज वाकलाय का हो?"

मी उठलो, ओळंबा आणला, लावून पाहिला. केसभरही वाकलेला नाही. तसं सांगितलं तर म्हणाली, "मग असेल सरळ." परवा दाराच्या चौकटीबद्दल हेच विचारत होती. सध्या हिला माझ्या घरात सगळं वाकडंच दिसतं.

१४ ऑक्टोबर

ढग. कालही ढग.

१६ ऑक्टोबर

आज एक गोष्ट लक्षात आली आणि आली ती जात नाही. ही माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघत नाही. माझ्या कानाकडे बघते. कधी खांद्यापलीकडे, जणू मागे कुणी दुसराच उभा आहे आणि बोलणं त्याच्याशी चाललंय. आधी वाटलं मनाचे खेळ. मग आज मुद्दाम तीन वेळा काहीतरी विचारलं. तिन्ही वेळा कान.

एकतीस वर्षांत ही माझ्यावर रागावली नाही असं नाही. पण ही रागावते तेव्हा सरळ डोळ्यांत बघून रागावते, समोरच्याला पळायला जागा ठेवत नाही. हे निराळं आहे. काय चुकलं असेल याचा विचार करत बसलो. कॅमेरा न विचारता आणला, पण त्याला वर्ष झालं आणि तेव्हाच बोलून झालं. हिच्या बहिणीच्या घरी गेल्या वेळी मी गेलो नाही कारण त्या दिवशी हवा चांगली होती. ते असू शकेल.

शिवणकामही बंद केलंय हिने. पुढच्या खोलीतल्या मशीनवर चादर घातली आहे. विचारलं तर म्हणाली, "कंटाळा आला. किती वर्षं लोकांच्या चड्ड्या आखूड करायच्या?" त्याआधी शाळेच्या गणवेशांचं एक गाठोडं परत आलं होतं, शिलाई तिरकी गेली म्हणून. मी थट्टा केली, "माझ्या कारखान्यात असतीस तर शिक्का मारला नसता तुझ्यावर." नेहमी अशा वेळी उत्तर तयार असतं. या वेळी ही मशीनवरची चादर सारखी करत राहिली.

आजची पहिली नजर: "छान." एकच शब्द. चार तारखेला निदान दोन होते. कडं आता काडीएवढंही जाड राहिलेलं नाही, आणि ही बघून न बघितल्यासारखं करते. इतकंही लक्ष नसावं?

२४ ऑक्टोबर

हिचे बहिणीला फोन चालले आहेत. मी आत आलो की आवाज खाली जातो. आज अंगणातून येताना ऐकू आलं, "त्यांना इतक्यात काही सांगू नकोस. माझं मी बघते." दुर्बिणीचं आवरण हातात घेऊन मी दाराशी तसाच उभा राहिलो, चोरासारखा. माझ्याच घरात.

रात्रीचं जेवण वाढताना म्हणाली, "पाच दिवस ताईकडे जाऊन येते."

"काही काम?"

"काम कसलं? बहीण आहे माझी."

मी म्हटलं, "जा की." आणखी बरंच म्हणायचं होतं.

२८ ऑक्टोबर

घरात मी एकटा. आकाश स्वच्छ, हवा स्थिर, आणि पहिली नजर घ्यायला कुणी नाही. मी आयपीसला डोळा लावला तेव्हा उगाच अपराधी वाटलं. कुणाच्या ताटातलं आधी उचलून खाल्ल्यासारखं. फोटो या मोसमातला सर्वांत चांगला आला आहे. बेकरीवाल्याने उत्तरादाखल फक्त "हं" पाठवलं, म्हणजे मनापासून जळलाय.

फोटो दाखवायला कुणी नव्हतं म्हणून घरभर फिरलो. शर्टाचं बटण तुटलं होतं, हिचा शिवणाचा डबा उघडला. आत सगळी रिळं ओळीने लावलेली, आणि प्रत्येक रिळाच्या टोकाला गाठी! काळ्याला एक, निळ्याला दोन, करड्याला तीन. स्वयंपाकघरातही तसंच. साखरेच्या डब्याला रबरबँड, मिठाच्या डब्याला सुतळी. मी चकितच झालो. तीस वर्षं सांगतोय की वस्तूंना खुणा असाव्यात, आमच्या कारखान्यात प्रत्येक वजनाला खूण असते. आता मी सांगायचं सोडल्यावर बाईसाहेबांना पटलंय. आल्यावर कौतुक करायला हवं.

मशीनवरची चादर काढली, उगाच चाक फिरवलं. तो आवाज ऐकून बरं वाटलं आणि मग फार वाईट वाटलं. हिने परत यावं आणि माझ्याकडे बघावं. बास. हे बाहेर कुणाला सांगायचं वय राहिलेलं नाही, म्हणून इथे लिहितो.

१ नोव्हेंबर

आली. उजवा डोळा लालभडक.

"काय झालं?"

"प्रवासात धूळ गेली."

मी पापणी वर करून फुंकर घातली, रुमाल गरम करून शेकायला दिला. ही हसली. म्हणाली, "तुम्ही असे जवळ आलात की बरं वाटतं." बऱ्याच दिवसांनी असं काही बोलली. मी डब्यांच्या खुणांचं कौतुक केलं. त्यावर हिने मान खाली घातली आणि म्हणाली, "आवडलं ना तुम्हाला? मग झालं."

नंतर, अगदी सहज सांगावं तसं: "आता दर महिन्याला ताईकडे जावं लागेल मला. एक-दोन दिवस."

दर महिन्याला! एकतीस वर्षांत ही वर्षातून एकदा जायची, तीही परतीच्या दिवसाची वाट बघत. एखादं माणूस घर सोडतं ते एकदम सोडत नसावं. आधी पाच दिवस, मग महिन्याला दोन दिवस, मग कधीतरी पेटी मोठी दिसते.

९ नोव्हेंबर

भांडण झालं. लिहून ठेवतो, कारण चूक माझीच आहे अशी शंका येतेय.

संध्याकाळी ही अंगणात येताना दुर्बिणीच्या पायाला अडखळली. तासभर खपून जुळवलेलं सगळं हललं. मी ओरडलो, "समोर एवढी दुर्बीण दिसत नाही का तुला?" ही गप्प. त्या गप्प राहण्याने माझं डोकं आणखी फिरलं. म्हटलं, "आणि बोलताना माझ्याकडे बघत जा. महिनाभर बघतोय, माझ्या कानाशी संसार चाललाय तुझा."

ही म्हणाली, "तुमच्याकडेच बघतेय."

"कानाकडे बघतेयस! आत्तासुद्धा!"

हिचा चेहरा एकदम पडला. काहीतरी बोलणार होती. तोंड उघडलंही होतं. मग वळली आणि भिंतीला हात लावत आत गेली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातला दिवा गेला. मी फोटो काढतो तेव्हा उजेड पडू नये म्हणून ही नेहमी तो दिवा घालवते. भांडूनसुद्धा घालवला.

मी अंधारात उभा राहिलो आणि शनीऐवजी त्या काळ्या खिडकीकडे बघत राहिलो. जाऊन माफी मागायला हवी होती. मागितली नाही. सकाळी चहा झाला, दोघांचाही.

१७ नोव्हेंबर

बेकरीवाला आला होता, पाव घेऊन. पहाटे तीनला त्याची भट्टी पेटते, त्यामुळे आठ वाजले की माणूस पेंगायला लागतो. म्हणून त्याचा जीव फक्त संध्याकाळच्या ग्रहांवर. हिने चहा दिला, तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, लोकांच्या मागे साडेसाती लागते. हे तुमचे यजमान स्वतःहून तिच्या मागे लागलेत." ही मनापासून हसली, त्याच्या टोपीकडे बघून.

अंगणात त्याने मला एक चांगली गोष्ट करून दाखवली. कड्याची चमक गेल्यामुळे शनीजवळचे फिकट चंद्र आता सापडू शकतात. मला एक काही केल्या दिसत नव्हता. तो म्हणाला, "चंद्राकडे बघूच नका. बाजूला बघा, बोटभर लांब. आणि लक्ष मात्र चंद्रावर ठेवा." तसं केलं आणि तो बारीक ठिपका अलगद वर आला. सरळ बघितलं की गायब. बाजूला बघितलं की हजर. ही युक्ती मला पुस्तकी ठाऊक होती, कधी नीट जमली नव्हती. अंधूक काही पाहायचं तर डोळ्याचा मधला भाग कुचकामी, कडेचा भाग कामाचा.

जाताना त्याने विचारलं, "वहिनींची तब्येत बरी आहे ना?" म्हटलं, ठणठणीत. बाकीचं काय सांगणार त्याला?

२३ नोव्हेंबर

संध्याकाळी सात. हवा इतकी स्थिर, की वर्षातून एखाद-दोनदाच अशी मिळते. आयपीसमध्ये पाहिलं. कडं नाही. गोळा एकटाच, चारी बाजूंनी मोकळा. मी बघत राहिलो. पंधरा वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ, हिचं हसू, सगळं आठवलं. मग हाक मारली.

ही हात पुसत आली. पायरी पायाने चाचपत उतरली. वाकली, डोळा लावला. मी पेन्सिल घेऊन उभा.

"छान दिसतंय हो," ही म्हणाली. "कडं तर काय सुरेख! अगदी नेहमीसारखं."

मला वाटलं, खेळवतेय मला. मागच्या खेपेचं आठवलं असणार. म्हटलं, "कुठे आहे कडं?"

"हे काय, दोन्ही बाजूंना."

थट्टा करताना हिच्या नाकपुड्या हलतात. त्या हलल्या नाहीत.

पुढे मी जे केलं ते लिहायची लाज वाटते. नवा काटा तपासायला आला की आम्ही आधी वजन ठेवत नाही. रिकामं पारडं बघतो. रिकाम्या पारड्यावर काटा काही दाखवत असेल, तर पुढचं कितीही बरोबर वाटलं तरी खोटं. तीस वर्षांची हाताची सवय. मी दुर्बिणीच्या तोंडाशी गेलो आणि झाकण लावलं. आत आता नुसता काळोख. म्हटलं, "आता बघ बरं. जरा नीट जुळवलंय."

ही पुन्हा वाकली. बराच वेळ डोळा लावून राहिली. मग हळूच म्हणाली, "आता तर अजून स्वच्छ दिसतंय."

मी पायरीवर बसलो. खिडकीचा गज, गणवेशाची तिरकी शिलाई, दोऱ्यांच्या गाठी, तो लाल डोळा, माझा कान. एकेक आठवत गेलं आणि प्रत्येकाबरोबर मी तेव्हा काय बोललो होतो तेही आठवत गेलं. समोर एवढी दुर्बीण दिसत नाही का तुला. असं म्हणालो होतो मी. सहा हजार चित्रांतून खरं ते निवडणारा शहाणा माणूस.

ही म्हणाली, "झालं का? आत जाऊ?"

म्हटलं, "चल." हाताला धरून पायरी चढवली. हिने हात सोडवून घेतला नाही.

कॅमेरा लावलाच नाही. फोटो एकही नाही. झाकण अजून तसंच आहे.

२४ नोव्हेंबर

कामावर गेलो नाही. चहा घेताना कसं विचारावं ते सुचेना. हिनेच सुरुवात केली.

"काल झाकण लावलंत ते कळलं मला."

माझ्या हातातला कप बशीवर आपटला.

"आतून कापड मीच शिवलंय त्याला, घट्ट बसावं म्हणून. लावलं की खट् होतं. डोळे गेले म्हणून कान नाही गेले."

"मग स्वच्छ दिसतंय असं का म्हणालीस?"

"म्हटलं, आता तरी तुम्हाला कळेल." ही टेबलावर बोट फिरवत होती. "तोंडाने सांगता येत नव्हतं हो. रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचं. मग संध्याकाळी तुम्ही हाक मारायचात, पहिली नजर म्हणून. इतक्या हौसेने! मी सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी ती दुर्बीण मोडीत काढली असतीत. ओळखते मी तुम्हाला."

मार्चपासून आहे म्हणे. आधी डावा, मग उजवा. सरळ रेघा वाकड्या दिसायला लागल्या आणि मग मधोमध कुणी अंगठा ठेवल्यासारखं झालं. जिकडे बघावं तिथे अंगठा आधी जाऊन बसलेला. कडेकडेने दिसतं. बहिणीच्या गावी डोळ्यांचे मोठे डॉक्टर आहेत, ते महिन्याला डोळ्यात इंजेक्शन देतात. डोळ्यात! आणि मी धूळ म्हणून फुंकर घातली.

"तुमच्या तोंडाकडे बघितलं की तोंडावर अंगठा," ही म्हणाली. "कानाकडे बघितलं की तुम्ही दिसता. थोडे थोडे. म्हणून कानाकडे बघायची."

मला रडू आलं. हिच्यासमोर आलं, आणि ते लपवायची गरज नव्हती हे लक्षात येऊन आणखी आलं. हिला आवाजावरून कळलंच. माझा हात शोधून धरला.

जरा वेळाने मी माझी लबाडी सांगितली. काल कडं नव्हतंच, पंधरा वर्षांनी मिटलं होतं, आणि तुझं वाक्य ऐकायला मी दोन महिने गप्प बसलो होतो. ही आ करून माझ्या कानाकडे बघत राहिली.

"म्हणजे झाकणाच्या आधीही नव्हतं?"

"नव्हतं."

"अगं बाई!" म्हणून ही जी हसायला लागली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आणि मी म्हटलं सुरेख! अगदीच रंगेहाथ सापडले की."

हसणं थांबल्यावर विचारलं, "मागच्या खेपेला काय म्हणाले होते मी?"

"टोपी काढलेला हेडमास्तर."

"हो हो." हिने खिडकीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "तो परत बघायचा होता मला."

२ डिसेंबर

या खेपेला मी बरोबर गेलो. डॉक्टर तरुण आहेत, सरळ बोलतात. गेलंय ते परत येणार नाही. उरलंय ते टिकवायचा प्रयत्न करू. किती दिवस टिकेल, असं मी विचारलं. म्हणाले, "माप देता येणार नाही." माझ्यासारख्या माणसाला हे उत्तर पचत नाही, पण त्यांच्याकडे दुसरं नव्हतं.

मग एक बाई आल्या. त्या अशा लोकांना पाहायला शिकवतात. हिच्यासमोर एक मोठं अक्षर धरलं आणि म्हणाल्या, "अक्षराकडे बघूच नका. त्याच्या जरा बाजूला बघा, लक्ष मात्र अक्षरावर ठेवा. डोळ्याची चांगली उरलेली जागा आपण शोधून काढू."

मी खुर्चीवरून उठलोच. हे तर बेकरीवाल्याचे शब्द! त्या बाईंना वाटलं मला चक्कर आली, त्यांनी पाणी मागवलं. परतताना सगळ्या प्रवासात मी हिला शनीच्या फिकट चंद्राची गोष्ट सांगत होतो. ही म्हणाली, "म्हणजे तुम्ही लोक डोळे चांगले असून मुद्दाम तिरकं बघता? धन्य आहे." पण नंतर दोनदा विचारलं, बाजूला म्हणजे किती बाजूला.

११ जानेवारी

गेल्या महिन्यात नऊ दिवस संध्याकाळी प्रयत्न केला. सगळ्यांत मोठं करून दाखवणारं आयपीस लावायचं, शनी मधोमध आणायचा, आणि मी बाजूला उभं राहून सांगायचं: वर बघ, आता डावीकडे, जरा खाली. ही बिचारी बघायची. उजेडाचा एक डाग दिसतो, म्हणायची. आठव्या दिवशी म्हणाली, "राहू दे ना हो. तुम्ही फोटो काढा तुमचे." मी फोटो काढले नाहीत. माझी ती फोटोंची ओळ आता पुरी व्हायची नाही. मधली जागा मोकळीच राहील.

शनी आता पश्चिमेला कलला आहे. अंधार पडल्यावर फार वेळ मिळत नाही. कडं पुन्हा उघडायला लागलंय, पण जेमतेम. ते आज कसं दिसतं याबद्दल मी हिच्यापाशी एक शब्द बोललो नव्हतो. मुद्दामच.

ही डोळा लावून उभी. मी म्हटलं, "घड्याळाची तबकडी समज. शनी मधे आहे. तू दहावर बघ." गप्प. "अकरावर बघ." गप्प. थंडी बरीच होती, मी हिच्या खांद्यावर शाल टाकली. ही "हलवू नका" म्हणाली, म्हणून मीही श्वास धरून उभा राहिलो.

"मणी आहे," ही म्हणाली. "पिवळट मणी. आणि त्यातून सुई आरपार गेलीय."

मी शालीचं टोक हातात घट्ट धरलं.

"गेली परत. थांबा... हां. अगदी बारीक सुई हो. मणी मोठा आणि सुई बारीक, टोकं दोन्हीकडे सारखी बाहेर."

असंच आहे. आज शनी तंतोतंत असाच आहे, आणि शिवणकाम करणाऱ्या बाईखेरीज कुणी ते असं सांगितलं नसतं. तरीसुद्धा माझी नजर बाकावर ठेवलेल्या झाकणाकडे गेली नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी दोन्ही हात खिशात घातले.

ही आयपीसवरून डोळा न काढता म्हणाली, "लावून बघा हवं तर झाकण."

"नको."

"बघा ना. मी ओळखीन."

"नको म्हटलं ना."

शनी शेजारच्या छपराआड जाईपर्यंत ही बघत होती. मधेच जायचा, मधेच सापडायचा. मी पहिल्या नजरेचं वाक्य वहीत घेतलं. वर चित्र नाही, फोटो नाही. नुसतंच वाक्य आहे.

मग ही सरळ झाली, माझ्याकडे वळली आणि माझ्या कानाकडे नीट बघत म्हणाली, "केस केवढे वाढलेत तुमचे. पांढरेही किती झालेत." मी म्हटलं, उद्या कापून येतो. आम्ही पायरीवर बसलो. दुर्बीण गार पडत होती, आवरण घालायला हवं होतं, पण उठावंसं वाटेना.

"ते कडं पुन्हा कधी मिटणार?" हिने विचारलं.

"चौदा-पंधरा वर्षांनी."

ही मनात हिशेब करत असावी. माझ्या आणि स्वतःच्या वयाचा, आणि डॉक्टरांनी न दिलेल्या त्या मापाचा. मग माझ्या खांद्याला डोकं टेकून म्हणाली, "त्या वेळेला मात्र आधी सांगून ठेवा हं मला. म्हणजे मी चुकायची नाही."

सांगेन म्हटलं.